रेवतीच्या हातातली टॉर्च

यंदा कापूस फुटला आणि त्याच आठवड्यात रेवती परत आली. कापूस दरवर्षी फुटतो. रेवती पंचवीसेक वर्षांनी आली, आणि अशी आली की आली नसती तर उपकार झाले असते.

रेवती म्हणजे ‘अनंतयान’ मालिकेतली, यानावरची मेकॅनिक. ही मालिका आमच्या शाळेच्या दिवसांत रविवारी सकाळी टीव्हीवर लागायची. एक यान, त्यावर सात माणसं, आणि घरी परतायची वाट हरवलेली. ती वाट त्यांना अजूनही सापडलेली नाही. मधल्या काळात मालिका दोनतीनदा बंद पडली, पुन्हा सुरू झाली, कप्तान बदलले, यानाचा रंग बदलला. आता ती मोबाइलवर आली आहे आणि नव्या भागांच्या जोडीला बनवणाऱ्यांनी अगदी पहिल्यापासूनचे जुने भागही टाकले आहेत. त्या जुन्या भागांनीच माझा घात केला, पण ते नंतर सांगते.

नवे भाग टाकाऊ आहेत. हे मी शांत डोक्याने लिहिते आहे. यानात इतके निळे दिवे लावलेत की लग्नाच्या मांडवात आल्यासारखं वाटतं. माणसं सगळी कुजबुजतात. अंतराळात कोण ऐकणार आहे त्यांचं, देव जाणे. पूर्वी यानाचं दार उघडताना लोखंडी कपाटाचा आवाज यायचा. यान कुणीतरी हाताने ठोकून बनवलंय, असं त्या आवाजावरून वाटायचं. आता दार उघडलेलं कळतसुद्धा नाही.

परभणीत आमचा या मालिकेच्या चाहत्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. चाळीसेक माणसं असतील. ॲडमिन एक मेडिकल दुकानवाले आहेत, ते जुनी धून ऐकून रडले म्हणे, आणि रडतानाचा फोटोही त्यांनी टाकला. कुणाला नवा कप्तान आवडला, कुणाला त्याची दाढी खटकली. कृषीचं शिक्षण घेणारा ओंकार नावाचा मुलगा आहे, त्याला सगळंच आवडतं आणि ते का आवडलं हे तो मुद्दे घालून सांगतो. पंधरा दिवस हे दळण चालू होतं. मी गप्प होते. रेवती येणार असं जाहिरातीत दाखवलं होतं, तिच्यासाठी थांबले होते.

आली. चौथ्या भागात. केस पांढरे, अंगावर तोच निळा झगा. यानाचं इंजिन बंद पडलंय, नव्या पिढीची पोरं घाबरलीत, आणि सगळे तिच्याकडे आशेने बघतात. तर ही बाई म्हणते काय? “मला यातलं कधीच काही कळत नव्हतं. मी फक्त टॉर्च धरायचे.”

मी ग्लास आपटला. खरंच आपटला, ओट्यावर त्याची खूण आहे.

ग्रुपवर मात्र वाहवा सुरू झाली. किती खरं, किती प्रामाणिक, डोळ्यांत पाणी आलं. मेडिकलवाले पुन्हा रडले. मग मला राहवलं नाही. मी लांबलचक लिहिलं. लिहिलं की तुम्ही सगळ्यांनी मालिका झोपेत पाहिलीत. तेराव्या भागात यान जळायच्या बेतात असताना कप्तानाला बाजूला सारून जिनं “थांबा, आधी मला बघू द्या” म्हटलं, आणि उघड्या हातांनी इंजिन चालू केलं, ती बाई असं बोलेल? लिहिणाऱ्यांना लाज वाटायला हवी आणि टाळ्या वाजवणाऱ्यांना त्याहून जास्त.

“थांबा, आधी मला बघू द्या.” हे वाक्य मी आयुष्यभर वापरलं आहे.

मी पिंगळीची. परभणीहून पॅसेंजर निघाली की पहिलं स्टेशन आमचं. आमचं रान रुळांच्या अगदी कडेला, गाडीतल्या माणसाने केळीचं साल टाकलं तर आमच्या तासात, म्हणजे कापसाच्या ओळीत, पडावं असं. ज्या हंगामाबद्दल मी सांगते आहे तेव्हा मी नववीत होते आणि माझा मोठा भाऊ बालाजी, म्हणजे दादा, बारावीत. ‘अनंतयान’चे पहिले पाचसहा भाग आम्ही घरच्या काळ्यापांढऱ्या टीव्हीवर पाहिले. मग दिवाळीनंतर भारनियमनाचं वेळापत्रक बदललं आणि आमच्या गावची लाइट रविवारी सकाळी जाऊ लागली, ती थेट दुपारनंतर यायची. मालिका दहाला. परभणी शहरात लाइट असायची आणि पिंगळीत अंधार, म्हणजे दिवसाउजेडी टीव्हीपुरता अंधार.

तसंही रविवारी घरात कोण होतं? वेचणी चालू होती. शाळेला सुट्टी म्हणजे रानात जायचं हे ठरलेलं. कमरेला ओटी बांधायची आणि दोन्ही हातांनी बोंडं रिकामी करत तासाने पुढे सरकायचं. सकाळी दवाने कापूस जड आणि गार लागतो, बोटांची टोकं सुन्न होतात. बोंडाची वाळलेली टोकं नखाच्या कडेला टोचतात आणि तिथे आठवडाभर ठुसठुसतं. ऊन चढलं की रानाला एक वाळका, गोडसर वास सुटतो. तो वास मी अजून कुठे घेतलेला नाही, आणि कुणी बाटलीत भरून दिला तरी मला नको आहे, कारण त्याच्यामागे कंबरदुखी येते.

दादाला वेचणीतून सूट होती. रविवारी दहाला परभणीत त्याची गणिताची शिकवणी असे. आण्णांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, त्याच्याबद्दल मोठं स्वप्न धरलं होतं: पोरगा इंजिनिअर होणार. तो सकाळच्या गाडीने जायचा आणि दुपारच्या पॅसेंजरने परत यायचा. भाग चुकू लागले तेव्हा मी रडून घर डोक्यावर घेतलं होतं. त्यानंतरच्या रविवारी दादा म्हणाला, “रडू नको. शिकवणी सुटल्यावर मी तिथल्या एका पोराकडून समदी कहाणी इचारून घेतो, आन तुला सांगतो.”

तेव्हापासून आमच्या बांधावर मालिका सुरू झाली. दुपारची पॅसेंजर शिट्टी देत यायची. तिच्यावरच आमची जेवणाची सुट्टी ठरलेली. आम्ही ओट्या सोडून बाभळीखाली बसायचो, भाकरी सोडायचो, ठेच्याचा वास सुटायचा, आणि दादा स्टेशनवरून रानातून चालत यायचा. पाणीसुद्धा न पिता सुरू करायचा. आधी यान कुठे अडकलं ते. मग कप्तान काय म्हणाला ते. आमच्याकडे वेचायला येणाऱ्या सरूबाई होत्या, साठीच्या, टीव्ही कधी न पाहिलेल्या. त्यांना कप्तानाशी काही घेणंदेणं नव्हतं. त्या घास हातात धरून विचारायच्या, “ते मरू दे रं. ती पोरगी काय म्हणली मंग?”

पोरगी म्हणजे रेवती. मलाही तेच हवं असायचं. आणि दादा सांगायचा. रेवतीने यानाचा पंखा काढून उलटा बसवला. रेवतीने कप्तानाला सांगितलं की इंजिन काय म्हणतंय ते आधी ऐकून घ्या, मग हुकूम सोडा. तेराव्या भागाच्या दुपारी तर वेचणाऱ्या बायकांनी अर्धा तास जास्त बसून काढला. यान जळणार, सगळे हातपाय गाळून बसलेले, आणि रेवती पुढे होते, कप्तानाला हाताने बाजूला करते. दादाने उभं राहून करून दाखवलं होतं. “थांबा. आधी मला बगू द्या.” सरूबाईंनी टाळी वाजवली तेव्हा त्यांच्या हातातली भाकरी खाली पडली.

त्याच महिन्यात आमच्या विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर बंद पडला. हरभऱ्याला पाणी द्यायचं होतं, परभणीचा मेकॅनिक दोन दिवस येणार नव्हता, आणि आण्णा खोक्याला शिव्या देत उभे होते. मी म्हणाले, “थांबा, आधी मला बघू द्या.” कुठून आलं माझ्या तोंडात, हे सांगायला नकोच. लाइट गेलेली होती, तरी मी मेन स्विच पाडून घेतला, कारण रेवती आधी तेच करायची. झाकण काढलं. आत मुंग्यांनी घर केलेलं आणि दोन पट्ट्यांच्या मध्ये एक पाल चिकटून वाळलेली. पाल काढली, पट्ट्या पॉलिश पेपरने घासल्या, झाकण लावलं. दुपारी लाइट आली आणि मोटारीने पाणी उचललं. आण्णा माझ्याकडे न बघता पाण्याकडे बघत राहिले. पण पुढच्या वेळी फ्यूज उडाला तेव्हा त्यांनी मला हाक मारली, दादाला नाही.

दहावीनंतर मी आयटीआयला इलेक्ट्रिशियनचा ट्रेड घेतला. वर्गात मी एकटी मुलगी. आज मी तोच ट्रेड शिकवते. पोरं जळालेली वायंडिंग घेऊन धावत येतात आणि मी तेच म्हणते, कमरेवर हात ठेवून, जरा दम देत. पोरं माझी नक्कल करतात हे मला माहीत आहे. मूळ नक्कल कुणाची, हेही मी त्यांना अभिमानाने सांगत आले.

तर माझ्या त्या लांबलचक लिहिण्याला दुसऱ्या दिवशी ओंकारचं उत्तर आलं. “मॅडम, तेरावा भाग आत्ता पुन्हा पाहिला. असा प्रसंग त्यात नाही. इंजिन कप्तानच दुरुस्त करतात. रेवतीला त्या भागात एकही वाक्य नाही.” आणि खाली हसणारा चेहरा. त्या चेहऱ्याचा मला जो राग आला तो त्या मुलाच्या सात पिढ्यांना पुरेल.

मग बाकीचे तुटून पडले. कुणी लिहिलं, मॅडमची स्वतःची वेगळी मालिका चालू आहे. कुणी विचारलं, मॅडम कोणत्या ग्रहावर पाहिलीत? मेडिकलवाल्यांनी, रडणं बाजूला ठेवून, मी सगळ्यांना झोपेत म्हटल्याबद्दल माफी मागावी असं सुचवलं. इतके दिवस एकमेकांवर गुरगुरणारी ही मंडळी माझ्याविरुद्ध पाच मिनिटांत एक झाली. एकीचं कौतुक आहे मला, पण माफी मी मागितलेली नाही आणि मागणार नाही.

मी तेरावा भाग लावला. मग चौदावा, मग बारावा, मग सगळेच. दोन दिवस सुट्टी टाकून बघत होते. रेवती जवळपास प्रत्येक प्रसंगात आहे. कप्तान इंजिनावर वाकतो, त्याच्याशेजारी ती वाकते, आणि टॉर्च धरते. पाना मागितला की पाना देते. एकदा “हो कप्तान” म्हणते. एकदा खोकते. तेराव्या भागात यान जळायला लागतं तेव्हा तिच्या चेहऱ्यावर टॉर्चचा उजेड उलटा पडलेला आहे आणि ती काहीही बोलत नाही. चौथ्या नव्या भागात म्हातारी रेवती जे बोलली, ते शब्दन् शब्द खरं होतं. टाकाऊ भागातली तेवढीच एक गोष्ट खरी निघावी, आणि ती माझ्या मुळावर यावी!

मालिकेसाठी कोण रडतं? पण आण्णांना मी जिच्या जोरावर सामोरी गेले, वीस पोरांच्या वर्गात जिच्या जोरावर पहिल्या बाकावर बसले, ती बाई कधी नव्हतीच. मग मी कुणाच्या जोरावर उभी होते?

रविवारी पिंगळी गाठली. पॅसेंजरने गेले, मुद्दाम. दादा रानातच होता. आण्णा गेल्यापासून सगळं तोच बघतो. मजूर मिळत नाहीत म्हणून स्वतः कमरेला ओटी बांधून वेचत होता, चाळिशी ओलांडलेला माणूस, पाठीला बाक आलेला. मला बघून हसला. “आगं सुमे, सांगितलं न्हाई येनार म्हनून. वैनीला फोन लावतो, भाकरी टाकायला सांगतो.”

“भाकरी राहू दे. आधी सांग, तेरावा भाग तू कुणाकडून ऐकला होतास?”

परभणीत मी नीट बोलते. रागावले की पिंगळी तोंडात येते. “कोन पोरगा होता तो? नाव सांग त्याचं. त्यानं खोटं सांगितलं तुला, का तू मला खोटं सांगितलंस? पंचवीस वर्सं मी वेड्यावानी त्या बाईचं नाव घ्यायलेय!”

दादाने हातातलं बोंड रिकामं केलं. कापूस ओटीत टाकला. मग म्हणाला, “पोरगा न्हवता कोनी.”

“मंग?”

“मी सोताच बगायचो. स्टेशनच्या भाईर टीव्हीचं एक दुकान व्हतं. काचेच्या आत टीव्ही चालू ऱ्हायचा. दुकानदार पोरान्ला पायरीवर उभं ऱ्हाऊ देत न्हवता, म्हनून मी रस्त्याच्या ह्या कडंला उभा ऱ्हायचो. आवाज बिलकुल येत न्हवता. नुसतं दिसायचं. मधी टांगा आला की तेवढंबी न्हाई.”

मी नकळत शेजारचं एक बोंड रिकामं केलं.

“त्या बाईला मी सारकं वाकलेलं बगायचो. तिच्या हातात उजेड. कप्तान नुसता हात हलवायचा. मला वाटलं, तीच समदं करायलीय आन कप्तान हुकूम सोडायलाय. आपल्या हितं तर तसंच चालतंय की. जो वाकतो तोच काम करतो.” तो जरा हसला. “आन बोलनं मी गाडीत जुळवायचो. परभनी ते पिंगळी. तेवढ्या टायमात जेवढं सुचंल तेवढं.”

मालिका दहाला लागायची. हे मला नवीन नव्हतं. शिकवणीही दहाला असायची, हेही नवीन नव्हतं. दोन्ही गोष्टी पंचवीस वर्षं माझ्या डोक्यात होत्या आणि मी त्या एकमेकींच्या शेजारी कधी ठेवल्या नव्हत्या. दादा बारावीला गणितात नापास झाला. आण्णा आठ दिवस त्याच्याशी बोलले नाहीत. दुसऱ्यांदा त्याने फॉर्मच भरला नाही. त्या उन्हाळ्यात मी त्याला चिडवलं होतं, “एवढी शिकवणी लावून काय उपयोग?” हे मला त्या बांधावर उभं असताना लख्ख आठवलं, आणि मला माझी शरम वाटली. शरम वाटली की मला आणखी राग येतो, तसा आला.

“मला सांगितलं का न्हाईस?”

“तू इचारलंस का कधी? आल्या आल्या तू इचारायचीस, रेवतीनं काय केलं. शिकवनीत काय झालं असं कुनी इचारलंच न्हाई.” आवाजात तक्रार नव्हती, म्हणून जास्त लागलं. मग तोच म्हणाला, “गनित मला तसंबी येत न्हवतं गं. खामखा जिवाला लावून घेऊ नको.”

बाभूळ आता नाही, तिथे विजेचा खांब आहे. सरूबाई जाऊन कितीतरी वर्षं झाली. आम्ही दोघं खांबाच्या सावलीत बसलो, जेवढी होती तेवढीत. दादाने विचारलं, “नव्या भागात आली म्हनं ती. काय करती?”

“काही करत न्हाई. म्हनती, मला काही कळत नव्हतं, मी नुसती टॉर्च धरायचे.”

“दाखीव बरं.”

मी फोन काढला. चौथा भाग लावला. रेवतीचा प्रसंग आला तसा दादाने बोट पुढे केलं. “आवाज बंद कर.”

“कशाला?”

“कर की. मला असंच बगायची सवय हाय.”

आवाज बंद केला. निळ्या दिव्यांत पांढऱ्या केसांची बाई उभी. समोर ते घाबरलेलं तरुण पोरगं. तिचे ओठ हलले. दादा डोळे बारीक करून बघत होता. “म्हनायलीय, आता माझ्यानं व्हत न्हाई. तुमीच बगा पोरान्नो.”

“असं नाही म्हणणार ती,” मी ताडकन म्हणाले. ग्रुपवर भांडले होते तशीच. “तुला काही कळत नाही. ती असं म्हणूच शकत नाही.”

“मंग काय म्हनती?”

मी प्रसंग मागे घेतला. पुन्हा लावला. या खेपेला आवाज नव्हता म्हणून मला तिचे हात दिसले. बोलता बोलता ती हातातली टॉर्च त्या पोराच्या हातात देते. त्याची बोटं टॉर्चवर मिटवते. मग रिकाम्या हातांनी इंजिनाकडे वळते, आणि तिथे प्रसंग संपतो.

लांब परभणीच्या बाजूला पॅसेंजरची शिट्टी झाली. दादाने मान वर केली नाही, तो फोनकडेच बघत होता.

“ती म्हणतेय,” मी म्हणाले, “हे धर. थांबा. आधी मला बघू द्या.”

दादाने कमरेची ओटी सोडून बाजूला ठेवली, मांडी घातली, आणि म्हणाला, “आन मंग?”